धंतोलीतली लॅब चांगली, पण ते 'आर्थरायटिस पॅकेज' घ्यायच्या आधी हे वाचा

तीन स्टार. कापलेले दोन्ही स्टार पॅकेजचे आहेत, रक्त घेणाऱ्या पोरीचे नाही. आईची शीर लवकर सापडत नाही, हिने गप्पा मारता मारता एका टोचण्यात काम केलं, तिला पाच द्या.

आता मुद्दा. आईच्या दोन्ही हातांची बोटं सुजून राहिली होती, सकाळी तासभर मूठ वळत नव्हती, कणिक मळणं बंद. काउंटरवर म्हणाले पॅकेज घ्या, स्वस्त पडते. त्यात युरिक ॲसिड, कॅल्शियम, एएसओ, ईएसआर अन् सीआरपी (ही दोन अंगातली सूज दाखवतात), आरए फॅक्टर (संधिवाताची नेहमीची रक्ताची टेस्ट), यादी लांबलचक, पण अँटी-सीसीपी, म्हणजे संधिवाताचीच दुसरी अँटिबॉडी टेस्ट, नाहीच! ती महाग टेस्ट आहे, ती टाकली तर पॅकेज स्वस्त कसं दिसणार, मला तरी हेच कारण वाटते.

रिपोर्टमध्ये आरए फॅक्टर निगेटिव्ह. काका लगेच, "चला, वात नाही, सुटलो." पण ईएसआर अन् सीआरपी दोन्ही वाढलेले होते, त्याचं काय? रामदासपेठेतल्या रुमॅटॉलॉजिस्टनी, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांनी, आधी एकेक सांधा दाबून पाहिला, मग कागद पाहिला अन् अँटी-सीसीपी लिहून दिली. परत त्याच लॅबमध्ये, परत सुई, परत पैसे. ती आली नॉर्मलच्या तिपटीपेक्षा बरीच वर.

डॉक्टरांनी समजावलं ते असं, की संधिवात म्हणजे आरए असलेल्या १०० लोकांतल्या ३० च्या आसपास लोकांचा आरए फॅक्टर निगेटिव्हच येतो, अन् उलट हिपॅटायटिस सी, टीबी, किंवा नुसतं वय झालं तरी तो पॉझिटिव्ह येऊ शकतो. अँटी-सीसीपी पण सगळ्यांना पकडत नाही, पण पॉझिटिव्ह आली तर तिच्यावर जास्त भरवसा ठेवता येतो, आरए नसलेल्यांमध्ये ती क्वचितच येते. अन् दोन्ही निगेटिव्ह असूनही आरए असू शकतो, म्हणून नुसत्या कागदावर फैसला नाही. आरए ठरवायच्या २०१० च्या निकषांत १० पैकी ६ गुण लागतात, त्यात या दोन टेस्टच्या अँटिबॉडीजचे जास्तीत जास्त ३ अन् सांध्यांचे ५ पर्यंत. म्हणजे डॉक्टरचा हात लागल्याशिवाय पॅकेज काय कामाचं, तुम्हीच सांगा.

लॅबची एक गोष्ट आवडली, रिपोर्टवर नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह नाही तर आकडा, नॉर्मल रेंज अन् टेस्टची पद्धत सगळं छापलेलं असते. हे पाहून घेत जा, कारण किट बदललं की रेंज बदलते, या लॅबचा ४० अन् दुसऱ्या लॅबचा ४० एक नाही.

आता त्यांचे फोन येऊन राहिले की मॅडम दर तीन महिन्यांनी सीसीपी करा, डिस्काउंट देतो. काहून करायची? आजार कमी झाला का ते सांधे पाहून अन् ईएसआर-सीआरपीवरून बघतात, सीसीपी दरवेळी करायची गरज नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आरएचं औषध मेथोट्रेक्सेट चालू आहे म्हणून सीबीसी, लिव्हर अन् किडनीचं क्रिएटिनिन मात्र करावं लागते, ते आम्ही इथंच करतो, सुटं सुटं, चिठ्ठी दाखवून. यापैकी कशालाच उपाशी राहायची गरज नाही, आईला चहा-पोहे देऊनच नेतो. अन् जमलं तर होम कलेक्शन सांगा, संध्याकाळी धंतोलीत गाडी लावायला जागा भेटत नाही.