ओटीटीचे वाढते दर: सांगलीच्या घराने काय ठेवावे, काय सोडावे

ओटीटी, म्हणजे इंटरनेटवरून चित्रपट-मालिका दाखवणाऱ्या सेवा, महागले, अशी तक्रार आता सगळीकडे ऐकू येते, परंतु तिच्यातला बराच भाग आपल्याकडचा नाही. नेटफ्लिक्सने अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये आपला स्टँडर्ड प्लॅन १५.४९ डॉलरवरून १७.९९ डॉलरवर नेला आणि तिथल्या प्रेक्षकांची नाराजी बातम्यांतून इथे पोचली. भारतात मात्र याच कंपनीने डिसेंबर २०२१ मध्ये दर उतरवले होते. त्यामुळे सांगली, मिरज किंवा तासगावच्या एखाद्या कुटुंबाला या वर्गण्या चालू ठेवाव्यात की बंद कराव्यात हे ठरवायचे असेल, तर प्रत्येक सेवेचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. तो मांडल्यावर असे दिसते की आपल्याकडे केवळ रक्कम वाढलेली नाही. त्याच रकमेत पूर्वी जे मिळत होते, त्यातले बरेचसे हळूहळू काढून घेतले गेले आहे.

नेटफ्लिक्स

डिसेंबर २०२१ च्या कपातीनंतर मोबाइल प्लॅन महिना १४९ रुपये, बेसिक १९९, स्टँडर्ड ४९९ आणि प्रीमियम ६४९ रुपये असे दर झाले. बेसिक त्याआधी ४९९ रुपयांना होता, म्हणजे ही कपात नावापुरती नव्हती. मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालत नाही. बेसिक टीव्हीवर चालतो, परंतु एका वेळी एकाच पडद्यावर आणि ७२०पी (साध्या एचडी) दर्जापर्यंतच. बैठकीच्या खोलीतल्या बत्तीस इंची टीव्हीवर हा दर्जा बहुतेकांना खटकत नाही. १९९ वरून थेट ४९९ वर जाण्यासाठी दरमहा जे ३०० रुपये जास्त द्यावे लागतात, त्यांच्या बदल्यात फुल एचडी आणि दुसरा पडदा मिळतो. घरात दोन टीव्ही नसतील तर हा सौदा मला महाग वाटतो.

नेटफ्लिक्सची खरी दरवाढ जुलै २०२३ मध्ये झाली, जेव्हा एक खाते एकाच घरापुरते असा नियम कंपनीने भारतात लागू केला. तोपर्यंत पुण्यात नोकरी करणारा मुलगा आणि सांगलीतले आईवडील एकाच खात्यावर भागवत असत. आकडा तोच राहिला, मात्र अशा कुटुंबाला आता दोन खाती घ्यावी लागतात. शिवाय मराठीचा साठा इथे तोकडा आहे. हिंदी, इंग्रजी, कोरियन आणि दाक्षिणात्य चित्रपट आवडीने पाहणाऱ्यांसाठीच ही सेवा उपयोगाची आहे, आणि त्यांनाही ती बाराही महिने लागेल असे नाही.

अ‍ॅमेझॉन प्राइम

दर चढण्याचे सर्वात स्पष्ट उदाहरण प्राइमचे आहे. २०१६ मध्ये ही सेवा वर्षाला ४९९ रुपये या आरंभीच्या दराने आली, पुढे ९९९ झाली आणि डिसेंबर २०२१ मध्ये १,४९९ झाली. महिन्याचा दर त्या वेळी १२९ वरून १७९ वर गेला आणि एप्रिल २०२३ मध्ये थेट २९९ वर. जून २०२५ पासून व्हिडिओंमध्ये जाहिराती सुरू झाल्या आणि त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ रुपये किंवा महिन्याला १२९ रुपये मोजावेत असे सांगण्यात आले. म्हणजे पूर्वी १,४९९ रुपयांत जाहिरातीविना मिळणारी गोष्ट आता २,१९८ रुपयांना पडते. त्याशिवाय जानेवारी २०२५ पासून एका सदस्यत्वावर पाच उपकरणे आणि त्यांपैकी टीव्ही जास्तीत जास्त दोन, अशी मर्यादा आली आहे. सांगलीत एक आणि पुण्यात एक असे दोन टीव्ही असणाऱ्या कुटुंबाचे यात जेमतेम भागते.

महिन्याचा आणि वर्षाचा दर शेजारी ठेवून पाहावा. पाच महिन्यांचे १,४९५ रुपये होतात, म्हणजे पाचव्या महिन्यातच जवळजवळ वर्षाची रक्कम भरली जाते. कंपनीला ग्राहक वर्षभरासाठी बांधून हवा आहे, हे या आकड्यांतून उघड दिसते. ज्या घरात दर आठवड्याला काही ना काही सामान मागवले जाते, त्यांना मोफत आणि जलद डिलिव्हरीचा लाभ मिळतो आणि व्हिडिओ जवळजवळ वरकड म्हणून येतो. अशांनी वार्षिक सदस्यत्व ठेवावे. ज्यांची खरेदी गणपती पेठेत किंवा मारुती रोडवरच होते आणि ऑनलाइन मागवणे क्वचितच घडते, त्यांनी निव्वळ चित्रपटांसाठी १,४९९ रुपये भरण्यापूर्वी थांबून विचार करावा. वर्षाला ७९९ रुपयांचा प्राइम लाइट हा मधला मार्ग आहे, परंतु त्यात जाहिराती आहेत आणि चित्राचा दर्जाही कमी आहे.

जिओहॉटस्टार

फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एकत्र आले आणि क्रिकेटच्या प्रेक्षकाचा पर्यायच संपला. २०२३ आणि २०२४ चे आयपीएल जिओसिनेमावर फुकट दिसत होते. २०२५ च्या हंगामापासून त्यासाठी पैसे किंवा ठरावीक रिचार्ज लागू लागला. सुरुवातीला सुपर प्लॅन वर्षाला ८९९ आणि प्रीमियम १,४९९ रुपयांना होता. जानेवारी २०२६ च्या अखेरीस हे दर अनुक्रमे १,०९९ आणि २,१९९ झाले. मोबाइल प्लॅन मात्र वर्षाला ४९९ वरच राहिला. सुपर दोन उपकरणांवर जाहिरातींसह चालतो, प्रीमियम चार उपकरणांवर आणि ४के दर्जात. प्रीमियम घेतला तरी थेट सामन्यांतल्या जाहिराती टळत नाहीत, त्यामुळे केवळ क्रिकेटसाठी प्रीमियम घेणाऱ्याच्या पदरी काय पडते हा प्रश्नच आहे.

या दरवाढीबरोबर एक चांगली गोष्टही झाली. महिन्याचे प्लॅन सगळ्याच प्रकारांत मिळू लागले: मोबाइल ७९, सुपर १४९, प्रीमियम २९९. आयपीएल साधारण मार्चच्या शेवटी सुरू होऊन मे अखेरपर्यंत चालते. तारखा नीट जुळवून सुपर दोन महिने घेतला तर २९८ रुपयांत जवळजवळ सगळा हंगाम निघतो. तारखा सांभाळण्याचा कंटाळा असेल तर तीन महिन्यांचा ३४९ रुपयांचा प्लॅन आहे. महिन्याच्या दराशी तुलना केली तर वर्षाची रक्कम सात महिन्यांच्या पुढे गेल्यावरच परवडते. भारताचे सगळे सामने एकाच ठिकाणी दिसतील असेही समजू नये, कारण २०२५ चा आशिया चषक सोनी लिव्हवर होता. ज्यांना फक्त भारतीय संघाचे मोठे सामने पाहायचे आहेत, त्यांच्यासाठी डीडी फ्री डिश या सरकारी मोफत डिशवर दूरदर्शन आहेच. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क असलेल्या खासगी वाहिनीला दूरदर्शनबरोबर वाटून घ्यावे लागते. आयपीएल त्यात येत नाही.

मराठी मालिकांचे काय?

आपल्या भागातल्या बहुतेक घरांत संध्याकाळी सात ते दहा या वेळात टीव्हीवर जे चालते ते ना नेटफ्लिक्सचे असते ना प्राइमचे. ते झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी किंवा सोनी मराठीचे असते. ओटीटीच्या जाहिरातींत ही गोष्ट कुठेच येत नाही, परंतु निर्णय घेताना मला हाच मुद्दा सर्वात वजनदार वाटतो. झी मराठीच्या मालिका झी५ वर आहेत, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीचे कार्यक्रम सोनी लिव्हवर. म्हणजे ज्या चार वाहिन्या रिमोटच्या चार बटणांवर मिळतात, त्यांच्यासाठी ओटीटीवर तीन वेगवेगळ्या वर्गण्या लागतात. केबल किंवा डिशचे बिल बहुतेक घरांत महिन्याला तीन-चारशे रुपयांच्या आसपास येते आणि त्यात या चारही वाहिन्या, बातम्या व क्रीडा वाहिन्यांचा पॅक घेतला असेल तर क्रिकेटसुद्धा येते.

म्हणून मालिका पाहणाऱ्या घराने 'आता सगळे ओटीटीवरच आहे' असे म्हणून केबल तोडण्याची घाई करू नये. आई किंवा आजी रोज चार मालिका पाहत असतील, तर त्यांच्या हातात तीन अ‍ॅपचे तीन पासवर्ड देऊन पैसे वाचत नाहीत; उलट बिल वाढते आणि 'आज लागतच नाही' म्हणून रोज कोणाला तरी हाक मारावी लागते. उलट बाजूही सांगायला हवी. ज्या घरात एकच वाहिनी आवडीची आहे आणि ती सवडीने, जेवणानंतर किंवा दुसऱ्या दिवशी पाहिली तरी चालते, तिथे एका अ‍ॅपची वर्गणी केबलपेक्षा खचितच स्वस्त पडते. ज्यांना काहीच भरायचे नाही, त्यांच्यासाठी डीडी फ्री डिश आहे. एकदा बॉक्स आणि छत्री बसवली की महिन्याचे बिल नाही, मात्र आवडीच्या सगळ्या मराठी वाहिन्या तिथे सापडतील अशी अपेक्षा ठेवू नये. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये वेव्हज हे अ‍ॅपही आणले आहे आणि त्यावर दूरदर्शनचे जुने कार्यक्रम पाहता येतात. सह्याद्री वाहिनीच्या जुन्या प्रेक्षकांनी ते एकदा उघडून पाहण्यासारखे आहे.

रिचार्जबरोबर मिळणारे 'फुकट' ओटीटी

रिचार्जवर नेटफ्लिक्स मोफत, असे मोबाइलच्या दुकानात सांगितले जाते. ही मोफतगिरी वजाबाकी करून तपासता येते. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओचा ८४ दिवसांचा, रोज २ जीबीचा साधा प्लॅन ८५९ रुपयांना होता आणि तेवढाच डेटा देणारा नेटफ्लिक्स मोबाइलसह प्लॅन १,२९९ रुपयांना. फरक ४४० रुपयांचा. नेटफ्लिक्स मोबाइल सुटा घेतला तर तीन महिन्यांचे ४४७ रुपये होतात. रोज ३ जीबीचे प्लॅन घेतले तरी गणित तेच निघते: साधा १,१९९, नेटफ्लिक्स बेसिकसह १,७९९, फरक ६००, आणि सुट्या बेसिकचे तीन महिन्यांचे ५९७. म्हणजे इथे फुकट काहीच नव्हते, वर्गणी रिचार्जमध्ये मिसळली होती एवढेच. तोटा असा की सुटी वर्गणी एका महिन्यात थांबवता येते, रिचार्जमधली ८४ दिवस थांबवता येत नाही. याउलट जिओहॉटस्टार मोबाइलसह असलेला ९४९ रुपयांचा प्लॅन साध्यापेक्षा ९० रुपयांनी महाग होता, तर सुटी वर्गणी तीन महिन्यांना १४९ रुपये होती. तिथे खरोखर बचत होती. तेव्हा कोणत्याही कंपनीचा असा प्लॅन घेताना त्याच मुदतीचा आणि तेवढ्याच डेटाचा साधा प्लॅन शेजारी ठेवून फरक काढावा. हे दर बदलत राहतात, वजाबाकीची रीत बदलत नाही.

मोबाइल डेटावर टीव्ही चालवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एचडी दर्जात तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो, त्यामुळे रोज २ जीबी मिळणाऱ्या जोडणीवर एक चित्रपटही पुरा होत नाही. जत किंवा आटपाडीकडच्या गावांत, जिथे घरात फायबर नाही, तिथे महाग प्लॅनचे ४के चित्र कागदावरच राहते.

कोणी काय घ्यावे

सगळे एकदम घेतले तर काय होते ते आधी पाहू. नेटफ्लिक्स स्टँडर्ड वर्षाला ५,९८८, प्राइम जाहिरातीविना २,१९८ आणि जिओहॉटस्टार प्रीमियम २,१९९, अशी बेरीज १०,३८५ रुपये होते. त्याऐवजी बेसिक नेटफ्लिक्स, जाहिरातींसह प्राइम आणि सुपर असे घेतले तर वर्षाला ४,९८६, म्हणजे महिन्याला सव्वाचारशेच्या आत. पहिली रक्कम सांगलीतल्या कोणत्याही मध्यमवर्गीय घराला मी सुचवणार नाही. दुसरीही जे घर केबल चालू ठेवते आहे त्याला जड आहे, कारण तिथे एकाच संध्याकाळचे पैसे दोनदा दिले जातात.

मालिका आणि बातम्या पाहणाऱ्या घराने केबल ठेवावी आणि ओटीटी एकावेळी एकच, महिन्याच्या मुदतीने घ्यावे. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले घरी असतात तेव्हा नेटफ्लिक्सचा बेसिक, आयपीएलला सुपर, आणि मधले महिने मोकळे, असा क्रम ठेवला तर वर्षाचा ओटीटी खर्च हजार रुपयांच्या आसपास राहतो. विश्रामबागेत खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याला टीव्हीच नसतो. त्याला जिओहॉटस्टारचा मोबाइल प्लॅन आणि लागेल त्या महिन्यात नेटफ्लिक्सचा १४९ चा प्लॅन पुरे. यूट्यूबच तास न् तास पाहणाऱ्याने तर बाकीचे सगळे सोडून यूट्यूब प्रीमियमचा विचार करावा. ऑगस्ट २०२४ मध्ये तो १२९ वरून १४९ झाला, तरी जाहिराती जातात आणि गाण्यांचे अ‍ॅपही त्यात येते. मुले पुण्या-मुंबईत असलेल्या कुटुंबांनी नेटफ्लिक्स मुलांकडे राहू द्यावे आणि दोन टीव्हीला परवानगी देणारे प्राइम सामाईक ठेवावे. भावे नाट्यमंदिरातल्या प्रयोगाचे तिकीट काढताना आपण नाटक आवडेल का एवढेच पाहतो. ओटीटीच्या बाबतीत मात्र न पाहिलेल्या महिन्यांचेही पैसे जातात, म्हणून इथे हिशेब अधिक काटेकोर हवा.

पैसे भरण्याची पद्धतही निवडीइतकीच महत्त्वाची आहे. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आपोआप होणाऱ्या वजावटीची सूचना किमान २४ तास आधी द्यावी लागते. यूपीआय ऑटोपेने (खात्यातून आपोआप पैसे कापण्याच्या परवानगीने) वर्गणी घेतली असेल तर त्याच यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन ती परवानगी रद्दही करता येते, त्यासाठी ओटीटीच्या अ‍ॅपमध्ये शोधाशोध करावी लागत नाही. ज्यांना महिन्यापुरतीच वर्गणी हवी आहे त्यांनी ती घेतल्याच दिवशी ऑटोपे बंद करावा. भरलेला महिना तरीही पूर्ण पाहता येतो. याला एक अपवाद आहे. जिओहॉटस्टारने दर वाढवताना, ज्यांचे ऑटो-रिन्युअल चालू आहे त्या जुन्या ग्राहकांना जुनाच दर राहील असे जाहीर केले होते. ज्यांच्याकडे १,४९९ चा प्रीमियम किंवा ८९९ चा सुपर अजून चालू आहे आणि घरात तो खरोखर पाहिला जातो, त्यांनी मात्र बंद करण्याआधी पुढच्या वजावटीची रक्कम तपासावी, कारण एकदा बंद केल्यावर परत येताना नवा दर लागेल.