सातबारा खरा, खरेदीखत खरं, तरीही फसवणूक

कोकणात, मावळात, मुळशीत 'एनए प्लॉट' (बिनशेती, म्हणजे घर बांधता येईल असा) म्हणून शेतजमीन गळ्यात मारली जाते, तेव्हा बनावट कागद लागतोच असं नाही. मालक खरा, सातबारा खरा, नोंदवलेलं खरेदीखतही खरं. खोटी असते ती एकच गोष्ट: इथे घर बांधता येईल ही हमी. मुद्रांक शुल्क भरलं म्हणजे सरकारची मान्यता मिळाली, या समजावर सगळा धंदा चालतो. खरेदीखत नोंदवलं म्हणून बांधकामाची परवानगी मिळत नाही.

पद्धत ठरलेली आहे. एक-दोन एकर रान घ्यायचं, जेसीबीने मुरमाचे रस्ते पाडायचे, सिमेंटचे खांब रोवायचे, दर्शनी कमान उभारायची. मग दोन-तीन गुंठ्यांचे तुकडे. (एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट.) शेतजमिनीचा प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा तुकडेबंदी कायद्यामुळे स्वतंत्रपणे विकता येत नाही, 2023 पासून हे क्षेत्र जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे आहे. त्यावर तोड म्हणजे समाईक खरेदीखत: एकाच दस्तात दहा अनोळखी माणसं. सातबाऱ्यावर नाव येतं, लोक खूश होतात. पण तो अविभाजित हिस्सा असतो. माहितीपत्रकातला 'प्लॉट नं. 7' भूमी अभिलेख खात्याच्या दप्तरी नसतोच. एका सहहिस्सेदाराने हरकत घेतली तरी वाटप रखडतं.

'फार्महाऊस बांधा, शेतीत चालतं' हे दुसरं आमिष. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 41 प्रमाणे शेतघरासाठी किमान 0.4 हेक्टर, म्हणजे जवळजवळ 40 गुंठे लागतात. तीन गुंठ्यांवर ते बसवणार कुठे? 'गावठाणापासून 200 मीटरच्या आत आहे, एनए लागत नाही' असंही सांगतात. कलम 42-ड मध्ये तशी तरतूद आहे खरी. मात्र अंतर गावठाणाच्या हद्दीपासून मोजायचं, गावातल्या शेवटच्या घरापासून नाही. शिवाय रूपांतरण कर भरून सनद, म्हणजे बिनशेती वापराचं सरकारी प्रमाणपत्र, घ्यावी लागते. सनद दाखवा म्हटलं की 'प्रोसेसमध्ये आहे' हे उत्तर ठरलेलं.

सर्वात महाग पडतं ते खाजगी वन, म्हणजे एकेकाळी खाजगी मालकीचं असलेलं जंगल. 30 ऑगस्ट 1975 रोजी राज्याच्या खाजगी वने (संपादन) कायद्याने अशा जमिनी शासनाकडे गेल्या, तरी अनेक सातबाऱ्यांवर कब्जेदार म्हणून खाजगी नावं राहिली. खूण सापडते ती 'इतर हक्क' रकान्यात किंवा जुन्या फेरफारात. विक्रेता तुम्हाला फक्त ताजा उतारा दाखवतो. फेरफार 1975 च्या आधीपासून काढा आणि गट नंबर देऊन वन विभागाकडून लेखी उत्तर मागा. '2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळं मोकळं केलं' ही थाप हमखास ऐकू येते. त्या निकालाने जमीन वन ठरवण्यासाठी पूर्वी नुसती नोटीस काढली एवढ्यावर जमीन वन ठरत नाही असं म्हटलं. तुमच्या गटाची नोंद रद्द झाल्याचा आदेश विक्रेत्याकडे आहे का, ते विचारा.

याशिवाय माथेरान (2003) आणि महाबळेश्वर-पाचगणी (2001) हे अधिसूचित पर्यावरण संवेदनशील भाग, किनाऱ्यालगत सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र), नदीकाठी निळी-लाल पूररेषा, इथेही बांधकामावर बंधनं असतात. यातलं बरंचसं सातबाऱ्यावर दिसत नाही. त्यासाठी नगररचना कार्यालयातून गटाचा झोन दाखला (जमीन कोणत्या वापराच्या पट्ट्यात आहे त्याचा) आणि भाग नकाशा घ्यावा. किनाऱ्याजवळ असाल तर मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर गट कुठे पडतो तेही बघावं.

खरेदीदार शेतकरी नसेल तर कूळ कायद्याचं कलम 63 आडवं येतं: बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. 'शेतकरी दाखला आम्ही करून देतो' असं कोणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. दाखला खोटा ठरला की व्यवहारच अवैध ठरू शकतो, आणि खोट्या कागदावर सही तुमची असते, एजंटाची नाही.

रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता प्रकल्पांच्या नोंदणीचा कायदा, त्यालाही अशीच बगल देतात. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा मोठी आणि प्लॉट आठपेक्षा जास्त असतील तर विक्रीआधी नोंदणी लागते. ती चुकवायला जाहिरातीत 'प्लॉट' आणि दस्तात 'शेतजमीन' लिहितात. म्हणून जाहिरात, लेआऊटचा नकाशा, व्हॉट्सअ‍ॅपवरची आश्वासनं जपून ठेवा. टोकन रोखीने देऊ नका. विसार पावतीत 'बिनशेती सनद व बांधकाम परवानगी न मिळाल्यास पूर्ण रक्कम परत' हे वाक्य लिहून घ्या. विक्रेता त्यावर सही करायला तयार नसेल, तर चौकशी तिथेच थांबवा.