काश्मीर, मोगोक की सिलोन: नीलम निवडताना

चांगला नीलम पाहायला बसलं की बहुतेकदा समोर तीन नावं येतात: काश्मीर, ब्रह्मदेशातलं मोगोक आणि सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका. नावागणिक किंमत बदलते आणि पहिल्यांदा घेणारा माणूस गोंधळतो. तिन्ही खडे कुरुंदाचेच, म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइडचे. लोह आणि टायटॅनियमच्या अगदी थोड्या अंशांनी त्यांना निळा रंग येतो. तिघांचंही काठिण्य दहापैकी ९, त्यामुळे रोजच्या वापरात टिकण्याच्या बाबतीत कोणी कोणापेक्षा कमी नाही. खरी निवड करायची ती रंग, आकार आणि नावामागचा इतिहास यांतून. त्यातला इतिहासच सगळ्यात जास्त चुकीचा सांगितला जातो, असं माझं मत आहे.

काश्मीरपासून सुरुवात करतो. किश्तवाडच्या पाडर भागात सुमजाम गावाच्या वर, जवळपास ४,५०० मीटर उंचीवर, १८८१ च्या सुमारास दरड कोसळली आणि निळे दगड उघडे पडले. आसपासच्या लोकांनी ते आधी मिठाच्या बदल्यात वजनावर दिले, असं सांगतात. महाराजा रणबीर सिंहांच्या दरबारात बातमी पोचली आणि खाणीवर पहारा बसला. बर्फामुळे वर्षातून जेमतेम दोन-तीन महिने तिथे काम करता येई. १८८७ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे टॉम लाटूश तिथे गेले, तेव्हा मूळ खाणीतला चांगला माल जवळपास संपला होता. म्हणजे ज्या खड्यांवर ‘काश्मीर’ हे नाव उभं आहे, ते बहुतांशी पाच-सहा उन्हाळ्यांत निघालेले आहेत. नंतर कितीदा तरी खोदून पाहिलं गेलं, पण तो बहर परत आला नाही.

त्या खड्याचं रूप मात्र खरोखर वेगळं आहे. आत इतके बारीक कण विखुरलेले असतात की प्रकाश पैलूंवरून नुसता परतत नाही, आतल्या आत पसरतो. निळा रंग मखमलीसारखा मऊ दिसतो, किंचित झोपाळू. दिवसाच्या उजेडात आणि पिवळ्या दिव्याखाली तो फारसा बदलत नाही, आणि हा गुण दुर्मीळ आहे. ज्यांना लखलखाट हवा त्यांना असा खडा थोडा मंद वाटतो. मला तो निळ्यांत सर्वांत सुंदर वाटतो, हे लपवत नाही.

पण ‘राजेरजवाड्यांचा नीलम हवा, म्हणून काश्मीरचा हवा’ हा हिशेब तारखांशी जुळत नाही. नीलम राजमुकुटात पोचला तो पाडरची दरड कोसळण्याच्या कितीतरी आधी. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या संग्रहात १६६९ मध्ये आलेला सुमारे १३५ कॅरेटचा नीलम आज पॅरिसच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहे. ब्रिटिश मुकुटातला १०४ कॅरेटचा स्टुअर्ट नीलम दुसरा जेम्स १६८८ मध्ये पळाला तेव्हा त्याच्याबरोबर गेला, असं मानतात. पुढे तो परत आला आणि व्हिक्टोरियाच्या मुकुटात समोर बसला. १९०९ मध्ये कलिनन हिऱ्याला जागा करून देण्यासाठी तो मागच्या बाजूला गेला आणि आजही तिथेच आहे. प्रिन्स अल्बर्टनं व्हिक्टोरियाला लग्नाच्या आदल्या दिवशी नीलमाचा ब्रोच दिला तो १८४० मध्ये. यातला एकही खडा पाडरच्या खाणीतला असणं शक्य नाही.

आता सिलोन. रत्नपुराच्या आसपास भातखाचरांच्या खाली खड्यांनी भरलेल्या वाळूचा थर लागतो, त्याला तिथले लोक इल्लम म्हणतात. आडवेतिडवे वासे लावून खड्डे खणायचे, ती वाळू टोपल्यांत धुवायची आणि दगड वेचायचे. शतकानुशतकं हे काम असंच चालत आलं आहे. इथला निळा उघडा, पारदर्शक, जवसाच्या फुलासारखा. काही खडे अगदी फिकट, काही भरगच्च. मोठे खडे मिळण्यात सिलोनशी कोणाची बरोबरी नाही. रुमानियाची राणी मेरी ४७८ कॅरेटचा सिलोनचा नीलम गळ्यात घालत असे. डायनानं १९८१ मध्ये निवडलेल्या अंगठीतला १२ कॅरेटचा लंबगोल खडाही सिलोनचाच, भोवती १४ हिरे. तो कुठल्या तिजोरीतला वारसा नव्हता. गॅरार्ड या जवाहिरांकडे तयार असलेल्या दागिन्यांतून तिनं ती अंगठी पसंत केली होती. २०१० मध्ये तीच केट मिडलटनच्या बोटात आली. राजघराण्याचा नीलम म्हटल्यावर आज जगाच्या डोळ्यांपुढे जो खडा येतो, तो हा.

लिलावातले दोन आकडे शेजारी ठेवले की फरक नेमका कळतो. १९२६ मध्ये सापडलेला, ३९२.५२ कॅरेटचा सिलोनचा ‘ब्लू बेल ऑफ एशिया’ २०१४ मध्ये जिनिव्हात सुमारे १ कोटी ७३ लाख डॉलरना गेला. पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये २७.६८ कॅरेटचा काश्मीर नीलम सुमारे ६७ लाख डॉलरना विकला गेला. कॅरेटमागे पाहिलं तर सिलोनच्या खड्याला ४४ हजार डॉलर आणि काश्मीरच्या खड्याला २ लाख ४२ हजार, म्हणजे साडेपाच पट. डोळ्यांना दिसणारं सौंदर्य साडेपाच पट नक्कीच नसतं. उरलेला पैसा त्या पाच-सहा उन्हाळ्यांचा आहे.

मोगोकबद्दल थोडक्यात. ब्रह्मदेशातलं हे खोरं मुळात माणकांसाठी प्रसिद्ध, आणि मोठ्या खड्यांवर राजाचा हक्क असे. तिथला नीलम गर्द, गोकर्णीच्या फुलासारखा. व्यापारात त्याला ‘रॉयल ब्लू’ म्हणतात. १९३४ मध्ये रॉकफेलर ज्युनियरनं हैदराबादच्या निजामाकडून घेतलेला ६२ कॅरेटचा नीलम याच जातीचा. गडद रंग आवडणाऱ्यासाठी याच्यासारखा दुसरा नाही, फक्त तो संध्याकाळच्या दिव्यात काळा तर पडत नाही ना, ते पाहायला हवं. मात्र म्यानमारमधल्या खाणींच्या उत्पन्नात लष्कराचा वाटा असतो. त्यामुळे अलीकडे निघालेला खडा घ्यायचा का, याचा विचार घेणाऱ्यानं स्वतः करावा. मी घेणार नाही. जुन्या दागिन्यातला असेल तर गोष्ट वेगळी.

खाणीच्या नावापेक्षा जास्त काळजीनं पाहायची गोष्ट म्हणजे भट्टी. सिलोनमध्ये गेउडा नावाचे दुधी, फिकट दगड निघतात, त्यांना पूर्वी कोणी विचारत नसे. १९७० च्या दशकात थायलंडमधल्या कारागिरांनी ते दीड हजार अंशांच्या वर तापवायला सुरुवात केली. त्या उष्णतेत दगडातल्या रुटाइलच्या सुया, ज्यांना ‘रेशीम’ म्हणतात, विरघळतात. त्यांतलं टायटॅनियम लोहाशी जोडी जमवतं आणि दगड निळा होतो. हा रंग कायमचा असतो आणि नुसत्या तापवण्यात लबाडी काहीच नाही, पण ते सांगून विकलं पाहिजे. न तापवलेल्या खड्याची किंमत बरीच जास्त असते, कारण तो जमिनीतून तसाच निळा आलेला असतो. बाहेरून टायटॅनियम किंवा बेरिलियम मुरवलेले खडे आणि कोबाल्टच्या काचेनं भेगा भरलेले खडे ही वेगळी गोष्ट. त्यांच्या वाटेला जाऊ नये.

काश्मीरचाच हवा असेल, तर गेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका, ग्युबेलिन किंवा स्विस एसएसईएफ यांपैकी दोन प्रयोगशाळांचे अहवाल मागा, एकावर थांबू नका. खाण ठरवणं हे तज्ज्ञांचं मत असतं आणि दोन मतं वेगळी पडू शकतात, कारण १९९० च्या दशकापासून मादागास्करहून येणारे काही खडे तोच मखमली भास देतात. गंमत अशी की तेवढ्याच देखण्या मादागास्करच्या खड्याला कॅरेटमागे काश्मीरच्या किमतीचा छोटा भाग पुरतो. नावाची ओढ नसेल तर तो आनंदानं घ्यावा.

सिलोनचा खडा घेताना वजनाकडे लक्ष हवं. जुन्या पद्धतीनं पैलू पाडलेल्या खड्याचं पोट खोल सोडलेलं असतं. ते वजन कोंदणात दडतं, पण पैसे त्याचेही मोजावे लागतात. कधी रंग फक्त तळाच्या टोकाशी साठलेला असतो आणि वरून सगळा खडा निळा भासतो, म्हणून तो बाजूनंही पाहा. याउलट उथळ पाडलेला असेल तर मधोमध खिडकी पडते आणि त्यातून खालचा कागद दिसतो.

मला एकच घ्यायचा असता, तर दोन कॅरेटच्या काश्मीरऐवजी पाच कॅरेटचा, न तापवलेला, मध्यम गर्द सिलोनचा खडा घेतला असता आणि हातात पैसे उरले असते. काश्मीरचा मी संग्रहालयात बघेन, पुन्हा पुन्हा बघेन. ज्याला तो मऊ निळा एकदा दिसला आणि त्यानंतर दुसरा कुठलाच निळा पुरेसा वाटला नाही, त्यानं मात्र माझं ऐकू नये, छोटा का होईना, तोच घ्यावा.