बडबड्या पॅनेल, मुका सेन्सर : स्वतः बसवलेल्या घरच्या अलार्मचा वापरानंतरचा अनुभव

गच्चीच्या दाराचा सेन्सर नक्की कधी बंद पडला ते मला सांगता येणार नाही, आणि माझा सगळा संताप त्याच गोष्टीवर आहे. अलार्म लावलेला होता. नवरा विसरून वर गेला, दार उघडून वाळलेले कपडे घेऊन आला आणि घड्या घालायला बसलासुद्धा. भोंगा गप्प. अ‍ॅपमध्ये बघितलं तर सगळं ठीकठाक. म्हणजे किती रात्री आम्ही गच्चीचं दार राखणीला आहे असं समजून झोपलो, देव जाणे.

कंपनीचं नाव लिहीत नाही. तक्रार अजून उघडी आहे, आणि तसाही हाच पांढरा डबा वेगवेगळ्या स्टिकरखाली मिळतो. वायफाय अधिक सिमकार्डवाला, दारांचे तीन सेन्सर, एक पीआयआर (खोलीतली हालचाल ओळखणारा सेन्सर), दोन रिमोट, टॅग (पॅनेलला टेकवून अलार्म काढायची किल्लीसारखी वस्तू) आणि भोंगा असा सेट. तुम्ही असल्या वस्तू शोधत असाल तर फोटो बघूनच ओळखाल.

आमचं नेरूळला सिडकोचं रो हाऊस. पुढे लोखंडी सेफ्टी डोअर आणि आत लाकडी दार, मागे मोरीकडचं दार, वर गच्ची. गेल्या वर्षी गणपतीला सगळे गावी जाणार म्हणून घेतला. कॅमेरा घरात आहेच, पण त्यातलं चित्र मी सकाळी उठून बघणार. बसवून देणाऱ्या माणसानं बसवण्याचे वेगळे, वर दरवर्षीचा एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, वेगळा सांगितला, तेव्हाच ड्रिल मशीन मी हातात घेतलं. दोन संध्याकाळचं काम आहे, कोणालाही जमेल.

आता ती बाई.

पॅनेलमध्ये एक बाई आहे. अलार्म लावला की ती खणखणीत आवाजात ‘सिस्टिम आर्म्ड’ म्हणते. काढला की ‘सिस्टिम डिसआर्म्ड’. होम मोडला, म्हणजे माणसं घरात असताना लावायच्या अलार्मला, वेगळं वाक्य. लाइट गेली की बोलते, आली की बोलते, टॅग नीट टेकवला नाही तर टोकते. आवाज कमी करायची सोय नाही. भोंग्याचा आवाज कमी-जास्त करता येतो, बाईचा नाही! मॅन्युअल उलटंपालटं करून झालं, अ‍ॅपचा कानाकोपरा शोधून झाला. हेल्पलाइनला फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणाला, ‘मॅडम, ये तो फीचर है.’

आम्ही रात्री अकराला होम मोड लावतो. सासूबाईंची झोप साडेदहाला लागते, आणि त्यांची खोली पॅनेलच्या भिंतीला लागून. पहिल्या आठवड्यात त्या रोज उठून ‘कोण आलंय गं?’ विचारायच्या. मग मी स्पीकरच्या जाळीवर इन्सुलेशन टेपचे तीन थर चिकटवले. आता ती तोंडात पान असल्यासारखी बोलते, पण बोलतेच. पॅनेल दुसऱ्या भिंतीवर न्यायचं तर प्लग पॉइंट नाही. या एका गोष्टीसाठी मी हा सेट परत करायला निघाले होते. परतीची मुदत गणपतीच्या धांदलीत गेली.

सिमकार्डाबद्दलही माझं मत तेव्हा वाईटच होतं. घरी वायफाय असताना आणखी एक सिम कशाला पोसायचं? हे पॅनेल टूजीवालं आहे, त्यामुळे जिओ चालतच नाही, जिओकडे टूजी नाहीच. एअरटेल किंवा व्हीआय घ्यावं लागतं. जुलै 2024 मध्ये सगळ्यांनी दर वाढवले, त्यात बोलायचंही नाही आणि डेटाही नको अशा डब्यासाठी दर महिन्याला रिचार्ज मारायचा म्हणजे वर्षाभरात सेटच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याचा खड्डा. ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, सांगितल्यावर जानेवारी 2025 पासून फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक आलेत, ते यासाठी बरे. अ‍ॅपवर ते पहिल्या पानावर दिसत नाहीत, खाली खाली जाऊन शोधावे लागतात. मी वर्षाचा मारला आणि महिनाभर कुरकुरत राहिले.

ते मत बदललं गावी. आमचं गाव राजापूर तालुक्यात. घरात नेट म्हणजे पडवीच्या टोकाला उभं राहिलं तर एक कांडी, तीही वाऱ्यावर. अ‍ॅपचं नोटिफिकेशन येण्याचा प्रश्नच नव्हता. आरतीच्या वेळी फोनवर साधा एसएमएस आला : घरातली वीज गेली. म्हटलं पाऊस आहे, गेली असेल, येईल. तासाभरानं शेजारच्या काकांना सहज फोन लावला, तर त्यांच्याकडे पंखे चालू! म्हणजे फक्त आमच्या घरातली गेली होती. गेटच्या दिव्यात पाणी शिरून आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा मेन स्विच) पडला होता. काकांकडे किल्ली आणि टॅग ठेवलेला. ते आत गेले, गेटच्या दिव्याचं बटण बंद करून आरसीसीबी वर केला. दोन मिनिटांत मला वीज आल्याचा एसएमएस. फ्रीजरमध्ये सुरमई होती आणि परतायला अजून चार दिवस होते. घर उघडल्यावर काय वास आला असता, कल्पना करा. चोरासाठी घेतलेल्या वस्तूनं मासे वाचवले. तेव्हापासून सिमच्या रिचार्जवर मी काही बोलत नाही. लाइट गेली की राउटर गेला, राउटर गेला की वायफायवाला अलार्म आंधळा. आतली बॅटरी आणि सिम, या दोघांमुळेच तो मेसेज आला.

(काकांनी टॅग टेकवला आणि बाई ओरडली तेव्हा ते दचकून ‘कोण? कोण?’ करत अंगणात पळाले, हे काकूंनी नंतर सांगितलं.)

नवीन घेणाऱ्यांनी फोरजीवालं पॅनेल बघावं. पण त्यात जिओ घालणार असाल तर ते व्होल्टीवर, म्हणजे फोरजीवरूनच, कॉल लावतं का, हे विकणाऱ्याकडून लेखी घ्या. नुसता डेटा चालणारं पॅनेल कॉल करणार नाही, आणि झोपेतून माणूस उठतो तो कॉलनं. डायल करायच्या नंबरांत 112 टाकू नका. सेन्सर चुकून वाजला की पोलिसांना फुकटचा हेलपाटा. आम्ही माझा, नवऱ्याचा आणि काकांचा नंबर टाकलाय.

बसवण्याचं थोडक्यात सांगते. दारांच्या सेन्सरमध्ये काचेच्या नळीतला रीड स्विच असतो आणि समोर लोहचुंबक. दोघांत सेंटिमीटरभराच्या आत अंतर ठेवा. लोखंडी सेफ्टी डोअरवर चुंबक थेट चिकटवला तर लोखंड त्याची ताकद खातं. खाली जाड प्लास्टिकचा तुकडा द्या, किंवा सरळ आतल्या लाकडी दाराला लावा. लाकडी दार पावसात फुगतं आणि अंतर बदलतं, म्हणून जुलैत बसवलेलं मार्चमध्ये पुन्हा बघायचं. सोबत दिलेली डबल टेप डिस्टेंपरच्या भिंतीवर लावू नका. टेप पक्की राहते, भिंतीचा पापुद्राच सेन्सरसकट हातात येतो. वायफाय 2.4 गिगाहर्ट्झचंच लागतं. राउटरवर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ या दोन्हींचं नाव एकच असेल तर जोडताना वेगळं करा.

पीआयआरबद्दल सगळीकडे तक्रारी वाचल्या असतील. निम्म्या तक्रारी या की एकदा वाजतो आणि मग समोर नाचलं तरी वाजत नाही. तो बिघडलेला नसतो. बॅटरीवरचा पीआयआर एकदा हालचाल कळवली की काही मिनिटं झोपतो, बॅटरी वाचवायला. खोली शांत राहिली की पुन्हा जागा होतो. उरलेल्या निम्म्या तक्रारींचं मूळ पाल. पीआयआर माणूस बघत नाही, समोरच्या पट्ट्यांमधून सरकणारा उष्णतेतला फरक बघतो. पाल थंड रक्ताची, दूरच्या भिंतीवरून गेली तर त्याला पत्ता लागत नाही. पण ट्यूबलाइटजवळ सेन्सर लावला की किड्यांच्या मागे ती येते, आणि थेट भिंगावरून चालली की सेन्सरच्या लेखी ती माणसाएवढी. आमच्याकडे पहाटे तीनला हे झालंय. समोरच्या वहिनी लाटणं घेऊन बाहेर आल्या होत्या. सेन्सर ट्यूबपासून लांब, दुसऱ्या कोपऱ्यात हलवला, तेव्हापासून शांत आहे. पंखा, पडदा, उन्हाची तिरीप यांच्या समोर लावू नका. आणि मे महिन्यात खोली पस्तिशीला गेली की हवा आणि अंग यांतला फरकच उरत नाही, सेन्सर मंद होतो. गावी जाताना घर बंद असतं तेव्हा हे लक्षात ठेवा. दारांच्या सेन्सरना ही भानगड नाही, म्हणून माझा भरवसा त्यांच्यावर होता.

होता. आता येते गच्चीच्या दाराकडे.

सेन्सर खोलला. आत 23ए म्हणतात ती बारा व्होल्टची बारकी बॅटरी असते, गाड्यांच्या जुन्या रिमोटमध्ये असायची तीच. बॅटरी जवळजवळ मेलेली, आणि तिला दाबून धरणाऱ्या स्प्रिंगवर हिरवट गंज चढलेला. खाडीची हवा आणि गच्चीवरचा पाऊस, दुसरं काय. सर्व्हिसवाल्यांनी आधी व्हिडिओ मागवला. पाठवला. मग म्हणाले, अंधुक आहे, दुसरा पाठवा. मग म्हणाले, वर्षाची वॉरंटी पॅनेलला, सेन्सरला सहा महिने. बिलावर असं कुठेही लिहिलेलं नाही हे दाखवल्यावर म्हणाले, ओलाव्यानं झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही. नवी मुंबईत राहायचं आणि ओलावा टाळायचा! शेवटी एक तोडगा दिला : संपूर्ण पॅनेल स्वखर्चानं कुरियरनं पाठवा, आम्ही तपासू. सेन्सर बिघडलाय, पॅनेल कशाला? यावर उत्तर नाही. तिकीट नंबर मात्र दर वेळी नवा.

पॉलिश पेपरनं स्प्रिंग घासली, घड्याळवाल्याकडून बॅटरी आणली, सेन्सर चालू झाला. खर्च वडापावच्या हिशेबातला. पण राग त्याचा नाही. या स्वस्त सेटमधले 433 मेगाहर्ट्झचे सेन्सर एकतर्फी असतात. दार उघडलं की सिग्नल फेकतात, एवढंच. पॅनेल त्यांना कधी विचारत नाही की बाबा, आहेस का? बॅटरी उतरली की सेन्सरवरचा बारका लाल दिवा लुकलुकतो म्हणे, तोही दार उघडल्यावर. गच्चीच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात तो कोण बघणार? चांगल्या, महाग सेटमध्ये प्रत्येक सेन्सर ठरावीक वेळानं हजेरी देतो आणि गैरहजर राहिला की पॅनेल कळवतं. माझ्या पॅनेलमधली बाई लाइट गेल्याचं सांगते, लाइट आल्याचं सांगते, माझा टॅग वाकडा लागला हे सांगते. सेन्सर मेलाय हे सांगायला तिच्याकडे वाक्य नाही. मेलेल्या सेन्सरसकट ती रोज रात्री छाती काढून ‘आर्म्ड’ म्हणत होती.

रिमोटचंही तेच. एकच ठरलेला कोड हवेत जातो, बदलत नाही. कोणी मुद्दाम टिपून ठेवला तर तोच परत फेकून अलार्म काढता येतो. आमच्या गल्लीत एवढा शिकलेला चोर येईल असं वाटत नाही, तरी रिमोट मी कपाटात टाकलेत, टॅगच वापरतो.

तरीही घेऊ नका असं म्हणणार नाही. साडेसहा हजारांत बाकीचं चोख चालतंय. मात्र घेताना ‘सेन्सर ऑफलाइन झाला तर कळवतो का’ हा एकच प्रश्न विचारा, उत्तर टाळलं तर फोन ठेवा. माझ्यासारखा सेट आधीच घेतला असेल तर दर महिन्याला अलार्म लावून एकेक दार उघडून बघा, दुपारी, शेजाऱ्यांना सांगून.

पॅनेलच्या मागे वायरी जोडायला दोन झोनची, म्हणजे दोन वायरवाल्या सेन्सरांची, जागा आहे, हे मला याच भांडणात कळलं. वायरवाला रीड स्विच शंभराच्या आत मिळतो. त्याला बॅटरी लागत नाही, आणि झोन नॉर्मली क्लोज्ड (दार बंद असताना सर्किट जोडलेलं) ठेवला की वायर तुटली तरी अलार्म वाजतो. गच्चीपासून पॅनेलपर्यंत जिन्याच्या कडेनं केसिंग पट्टी मारून दोन तारा आणायच्या. इलेक्ट्रिशियन मजुरीचे आठशे म्हणतोय. ड्रिल घरात आहे, पट्टी सेक्टरच्या हार्डवेअरवाल्याकडे मिळते. रविवारी मीच मारणार आहे.