क्लच सेट बदलला, खडखड तशीच: 150 सीसी मोटरसायकलवर बाहेरच्या कंपनीच्या प्लेटांचा अनुभव

सेट म्हणजे पाच फ्रिक्शन प्लेट, चार स्टील प्लेट आणि चार स्प्रिंगा. पावसाळ्याच्या तोंडावर बसवला. आता साखर कारखाने सुरू झालेत, म्हणजे कोल्हापूरच्या ताराराणी चौकातली रेटारेटी, पन्हाळ्याची चढण आणि उसाच्या ट्रॉलीमागं अर्ध्या क्लचवर रांगणं, सगळं होऊन गेलं. प्लेटा चांगल्या निघाल्या. ज्या आवाजासाठी बदलल्या तो मात्र गेला नाही, आणि त्यात प्लेटांचा दोष नाही.

सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं: "साहेब, या मॉडेलला आवाज असतोयच." आणि पुढच्याच वाक्याला पूर्ण क्लच असेंब्लीचं एस्टिमेट. असतोयच, तर बदलायचं कशाला?

इंजिन उघडण्याआधी फुकटात होणारी तपासणी अशी. गाडी गरम करा, न्यूट्रलला ठेवा, आयडल (रेस न देता इंजिनाचे मिनिटाचे फेरे) 1400 च्या आसपास आहे का बघा. पेट्रोल वाचवायला आयडल हजारावर आणून ठेवलेल्या निम्म्या गाड्या उगाच खडखडतात. मग क्लच दाबा. दाबल्यावर आवाज नव्यानं सुरू झाला तर प्रेशर प्लेटमधलं बेअरिंग, किरकोळ खर्च. दाबल्यावर आवाज थांबला तर हाउसिंग (प्लेटा ज्यात बसतात तो डबा) ढिलं किंवा गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग. यातला फरक रेसवर कळतो: हाउसिंगची खडखड रेस वाढवली की दबते, बेअरिंगची घरघर रेसबरोबर वाढते. आणि क्लच दाबा नाहीतर सोडा, टकटक तशीच राहिली तर टॅपेट किंवा टायमिंग चेन बघा. क्लचला हात लावू नका.

थरथरीचंही तसंच. उभ्या गाडीत क्लच दाबून रेस दिली तरी हँडल थरथरतं तर इंजिन माउंटिंगचे बोल्ट आवळा. फक्त पहिल्या गिअरात गाडी उचलताना हिसके येत असतील तर क्लच. पण त्याआधी मागच्या चाकाच्या हबमधले रबर बघा. गाडी डबल स्टँडवर घेऊन गिअर टाका आणि चाक हातानं पुढं-मागं करा. चेनचा ढिलेपणा सोडून स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) हबमध्ये खुळखुळलं तर रबर गेले.

आता मुख्य मुद्दा, हाउसिंग. प्लेटांचे कान ज्या खाचांत बसतात त्यांच्या कडांवर कान आपटून आपटून खड्डे पडतात. क्लच सोडताना प्लेटा खाचेतून सरळ सरकत नाहीत, खड्ड्यात अडकतात आणि एकदम सुटतात. हिसका तिथून येतो. खड्डे अर्ध्या मिलिमीटरच्या आत असतील तर बारीक कानशीनं कडा सपाट करता येतात. सगळ्या सारख्या घासायच्या, नाहीतर मोजक्याच कानांवर भार येतो. पण कानस मारून खडखड जाईल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. घासल्यानं कान आणि खाच यांतली फट वाढतेच. खडखड असते हाउसिंगच्या गिअरमागच्या डँपर स्प्रिंगांची. एका सिलिंडरचं इंजिन आयडलला धक्क्याधक्क्यानं फिरतं, आणि ढिल्या झालेल्या स्प्रिंगा ते धक्के गिळत नाहीत. हाउसिंग बाहेर काढा, एका हातात गिअर धरा, दुसऱ्यानं डबा पिळा. स्प्रिंगेचा जोर न लागता डबा मोकळा हलला की निदान झालं.

उद्यमनगरात रिव्हेट कापून स्प्रिंगा बदलून देणारे हात आहेत, आणि पैसे वाचतात हे मान्य. तरीही इथं काटकसर नको. एक रिव्हेट सैल झाला तर त्याचा तुकडा ऑइलमधून थेट गिअरांत जाईल. नवं हाउसिंगच घ्या.

सेटबद्दल सुरुवातीचं मत तीन स्टारचं होतं, कारण सकाळी थंड गाडीत पहिला गिअर टाकताना 'खट्ट' व्हायचं. ऑइल बदलल्यावर ते बरंच कमी झालं, म्हणून मत बदललं. ऑइलच्या डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए2 लिहिलेलं हवं. एमबी हे कमी घर्षणाचं, स्कूटरसाठीचं. ओल्या, म्हणजे ऑइलमध्ये चालणाऱ्या क्लचमध्ये घातलं की चढणीला रेस वाढते आणि गाडीचा वेग वाढत नाही. कारचं उरलेलं ऑइल वापरणाऱ्यांना हाच प्रसाद मिळतो.

बसवताना फ्रिक्शन प्लेटा ऑइलमध्ये भिजवूनच घ्या, रात्रभर ठेवल्या तर उत्तम. स्टील प्लेट काचेवर ठेवून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घाला, 0.2 मिमीची पात खाली शिरली तर प्लेट वाकलीय. काही मॉडेलांत शेवटची फ्रिक्शन प्लेट वेगळ्या, आखूड खाचेत बसते, काहींत आत जडर स्प्रिंग (हिसके कमी करणारी चकती) असते. काढतानाच फोटो घ्या, कारण ती स्प्रिंग उलटी बसली की नव्या प्लेटांवरही हिसके येतात. स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. ॲल्युमिनियमच्या खांबांचे आटे जोर सहन करत नाहीत. शेवटी लिव्हरच्या टोकाला 10 ते 20 मिमी ढिलाई, नेमका आकडा पुस्तिकेतला. प्लेटा झिजत जातात तशी ही ढिलाई कमी होते. शून्यावर आली की क्लच कायम थोडा दाबलेला राहतो आणि नवा सेटही जळतो. उसाच्या हंगामात ती अधूनमधून बघत जा.

सेटला चार स्टार. पाचवा कापला, कारण साइड कव्हरचं गॅस्केट पाकिटात नाही. कव्हर उघडल्याशिवाय प्लेटा बदलताच येत नाहीत, तरी गॅस्केटसाठी वेगळे पैसे आणि दुकानाची दुसरी फेरी.