उथळ पाण्यातली चुनखडी की खोल समुद्रातला गाळ?

कार्बन कोट्यवधी वर्षं अडकवून ठेवायचा, तर टिकाऊपणात उथळ पाण्यातली चुनखडी सरस. प्रवाळ आणि शिंपल्यांची ही रास खंडाच्याच कडेवर बसलेली असते. पर्वत झाली तरी ती बरीचशी टिकते.

खोल समुद्रातला कार्बोनेट गाळ, म्हणजे कार्बन धरून ठेवणाऱ्या चुन्याच्या सूक्ष्म कवचांचा थर, हा तसा नवखा. ही कवचं बनवणारे कोकोलिथोफोर (सूक्ष्म शैवाल) आणि तरंगते फोरामिनिफेरा (एकपेशीय जीव) मध्यजीव महाकल्पात, म्हणजे डायनासोरांच्या काळात, आले. त्याआधी कार्बोनेट बहुतांशी उथळ समुद्रातच साचत होतं. शिवाय साधारण 4 ते 5 किलोमीटरखाली ही सूक्ष्म कवचं विरघळून जातात. हा दोष वाटेल, पण मला गाळाची खरी किंमत इथेच दिसते. 5.6 कोटी वर्षांपूर्वी समुद्रात प्रचंड कार्बन शिरून पाण्याची आम्लता वाढली, तेव्हा दक्षिण अटलांटिकमधल्या वॉल्व्हिस रिज या समुद्राखालच्या डोंगररांगेवर विरघळण्याची ही सीमा 2 किलोमीटरहून अधिक वर सरकली. तळावरचा गाळ विरघळत गेला आणि पाण्याची आम्लता हळूहळू उतरली. चुनखडीचे डोंगर झिजून ते काम करतात खरे, पण फार सावकाश.

या गाळाचा मुक्काम मात्र कच्चा. समुद्रतळच सरकता! मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यालगतच्या खोल सागरी खंदकात कोकोस भूपट्टासोबत हा गाळ खाली जातो आणि त्यातला काही कार्बन कोस्टा रिका, निकाराग्वाच्या ज्वालामुखींतून पुन्हा हवेत येतो.