रीड-केलॉग वाक्य-आकृत्या: सहावी ते आठवीच्या इंग्रजीसाठी काही महिने वापरल्यावर

आधी निकाल, मग कारणं. इंग्रजी वाक्याची रेघांनी आकृती काढायची ही जुनी अमेरिकन पद्धत वाचनासाठी उत्तम आहे आणि व्याकरणाच्या साधारण निम्म्या भागाला चांगली लागू पडते. लेखन सुधारेल या आशेने घेतली तर मात्र निराशा ठरलेली. शिवाय एक अट आहे: आकृतीसाठी घेतलेली वाक्यं मूल त्या आठवड्यात जी गोष्ट किंवा उतारा वाचतंय, त्यातलीच हवीत. स्वाध्याय-पुस्तिकेतल्या सुट्या वाक्यांवर सराव केला की मुलं रेघा सफाईने मारतात, आणि गोष्टीतल्या लांब वाक्यापाशी आली की पूर्वीइतकीच अडखळतात.

पद्धत नवी नाही. १८४७ मध्ये स्टीफन क्लार्क यांनी वाक्यातले शब्द फुग्यांत लिहून एकमेकांना चिकटवले होते. १८७७ मध्ये अलोन्झो रीड आणि ब्रेनर्ड केलॉग यांनी फुगे काढून रेघा आणल्या, आणि आज वापरतात ती त्यांचीच मांडणी. एक आडवी रेघ, म्हणजे मूळ रेघ. डावीकडे सब्जेक्ट, उजवीकडे व्हर्ब, आणि दोघांच्या मध्ये मूळ रेघेला आरपार छेदणारी उभी रेघ. ऑब्जेक्टच्या आधीची उभी रेघ मूळ रेघेवर टेकते, खाली जात नाही. कॉम्प्लिमेंट, म्हणजे सब्जेक्टचंच वर्णन करणारा शब्द, असेल तर तीच रेघ सब्जेक्टकडे झुकलेली. विशेषणं आणि क्रियाविशेषणं ज्या शब्दाबद्दल सांगतात त्याच्या खाली तिरप्या रेघेवर. प्रिपोझिशनही (‘ऑफ’, ‘ऑन’ सारखा शब्द) तिरप्या रेघेवर, आणि तिच्या टोकाला आडव्या रेघेवर तिचं नाम. दुय्यम क्लॉजला, म्हणजे स्वतःचा सब्जेक्ट आणि व्हर्ब असलेल्या पोटवाक्याला, स्वतःची मूळ रेघ मिळते, आणि ती मुख्य वाक्याला तुटक रेघेने जोडतात. एवढ्यावर सहावी-सातवीचं बहुतेक काम भागतं.

कोरा, न आखलेला कागद आडवा धरायचा. पेन्सिलच घ्या, कारण खोडणं हा पद्धतीचाच भाग आहे. पट्टी लागत नाही; पट्टी आली की मुलं वाक्य सोडून चित्र सजवायला लागतात. एका बैठकीत तीन ते पाच वाक्यं पुरे. वाक्य वीसेक शब्दांच्या आतलं असावं. त्यापुढे पूर्ण आकृती कागदावर मावत नाही. तिथे फक्त मूळ रेघा आणि तुटक रेघा काढून सांगाडा उभा करायचा.

क्रम चुकला की सगळं बिघडतं. पहिल्या शब्दापासून सुरुवात करू नका. आधी काळ दाखवणारी सगळी क्रियापदं अधोरेखित करायची. त्यावरून वाक्यात किती क्लॉज आहेत ते कळतं. मग प्रिपोझिशनची सगळी पदं कंसात टाकायची, कारण सब्जेक्ट तिथे कधीच लपलेला नसतो. त्यानंतर प्रत्येक क्रियापदाला ‘कोण’ किंवा ‘काय’ विचारून सब्जेक्ट काढायचा. क्रियापदानंतर उरलेला शब्द ऑब्जेक्ट की कॉम्प्लिमेंट, यासाठी क्रियापदाच्या जागी ‘वॉज’ घालून बघायचं. ‘शी फेल्ट टायर्ड’ चं ‘शी वॉज टायर्ड’ होतं, म्हणजे कॉम्प्लिमेंट. ‘शी फेल्ट द क्लॉथ’ चं होत नाही, म्हणजे ऑब्जेक्ट. प्रश्नार्थक वाक्य आधी साध्या क्रमात फिरवून घ्यावं. ‘देअर’ ने सुरू होणाऱ्या वाक्यात जवळपास प्रत्येक मूल ‘देअर’ ला सब्जेक्टच्या जागी बसवतं. त्याची जागा मूळ रेघेच्या वर, वेगळ्या सुट्या रेघेवर.

मराठी माध्यमातल्या किंवा घरी मराठी बोलणाऱ्या मुलांना या पद्धतीचा जास्त फायदा होतो असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण मराठीच्या रचनेत आहे. ‘मुलीने पत्रं वाचली’ यात क्रियापद कर्माप्रमाणे चालतं. त्यामुळे ‘क्रियापद ज्याच्याप्रमाणे बदलतं तो सब्जेक्ट’ ही युक्ती कानाला पटत नाही, आणि मूल क्रियापदाजवळच्या नामाशी जुळवून मोकळं होतं. म्हणून ‘द बॉक्स ऑफ ओल्ड लेटर्स’ च्या पुढे ‘वेअर’ येतं. आकृतीत ‘लेटर्स’ मूळ रेघेच्या खाली लटकलेलं दिसतं, वर एकटा ‘बॉक्स’ असतो, आणि ‘वॉज’ आपोआप सुचतं. ‘बिट्वीन यू अँड आय’ ची चूकही इथेच पकडली जाते: सर्वनाम प्रिपोझिशनच्या रेघेवर बसलंय, तर ‘आय’ नाही, इंग्रजीतलं ‘मी’ (me) हवं.

दुसरी अडचण रिलेटिव्ह क्लॉजची. आपण ‘जो मुलगा काल आला तो’ असं म्हणतो, म्हणजे माहिती आधी आणि मुख्य वाक्य नंतर. इंग्रजीत ती माहिती सब्जेक्ट आणि व्हर्ब यांच्या मधोमध घुसते. ‘द मॅन हू हॅड सोल्ड द हॉर्स टू द विडो लेफ्ट बिफोर डॉन’ हे वाक्य वाचून ‘पहाटेपूर्वी कोण गेलं?’ विचारा, बरीच मुलं ‘विधवा’ सांगतात, कारण ‘विडो’ च्या लगेच पुढे ‘लेफ्ट’ आहे. आकृतीत मूळ रेघेवर फक्त ‘मॅन’ आणि ‘लेफ्ट’. खालच्या रेघेवर ‘हू’, ‘हॅड सोल्ड’, ‘हॉर्स’. ‘मॅन’ पासून ‘हू’ पर्यंत तुटक रेघ. हा एकच प्रकार नीट बसला तरी आकलनाच्या प्रश्नांतल्या बऱ्याच चुका कमी होतात, कारण त्या शब्दसंग्रहाच्या नसतातच, वाक्य कुठे जोडलंय हे न दिसल्याच्या असतात.

संदिग्ध वाक्यं तर मुद्दाम शोधावीत. ‘द बॉय वॉच्ड द मॅन ऑन द रूफ’. छतावर कोण? ‘ऑन द रूफ’ ची तिरपी रेघ ‘मॅन’ खाली टाकली तर माणूस, ‘वॉच्ड’ खाली टाकली तर मुलगा. दोन्ही आकृत्या बरोबर आहेत. निवाडा उताराच करतो, आणि मूल न सांगता मागची दोन वाक्यं पुन्हा वाचतं. ‘वॉकिंग होम, द रेन स्टार्टेड’ मध्ये ‘वॉकिंग’ ला लटकायला ‘रेन’ शिवाय जागाच नसते. पाऊस चालत घरी निघालेला पाहून मुलं हसतात, आणि डँगलिंग मॉडिफायर म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता जे जमत नाही ते. आर्टिकलसाठी (‘अ’, ‘ॲन’, ‘द’) ही पद्धत निरुपयोगी. ‘द’ असेल तर त्याची छोटी तिरपी रेघ निघते, नसेल तर काहीच बिनसलेलं दिसत नाही. आणि मराठीत आर्टिकल नसल्यामुळे नेमक्या त्याच चुका आपल्याकडे सर्वात जास्त. काळांचंही तसंच. ‘वेंट’ असो की ‘हॅड गॉन’, खण एकच. स्वल्पविराम आकृतीत येतच नाही, त्यामुळे ‘माय ब्रदर हू लिव्हज अब्रॉड’ हे स्वल्पविरामांसह आणि त्यांच्याशिवाय सारखंच दिसतं, जरी एकात भाऊ एकच आणि दुसऱ्यात अनेक असल्याचं सूचित होत असलं तरी. स्वल्पविरामाची एकच चूक सापडते: दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडली असतील तर दोन मूळ रेघा उभ्या राहतात आणि त्यांना जोडणाऱ्या तुटक रेघेवर लिहायला शब्द नसतो. बाकी विरामचिन्हं, काळ आणि आर्टिकल यांसाठी वेगळा सराव ठेवावाच लागतो.

लेखनाबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण ही पद्धत सुचवणारे बहुधा त्याच नावाने सुचवतात. २००७ च्या ‘रायटिंग नेक्स्ट’ या अहवालात चौथी ते बारावीच्या लेखनावरचे अभ्यास एकत्र तपासले आहेत. त्यात पारंपरिक व्याकरण शिकवण्याचा लेखनावरचा परिणाम उणे ०.३२ निघाला (शून्य म्हणजे फरक नाही, उणे म्हणजे उलट तोटा), तर लहान वाक्यं जोडून मोठी करण्याच्या सरावाचा अधिक ०.५०. वापरातही कल तोच दिसतो. उपाय सोपा आहे: आकृती उलटी चालवायची. काढलेल्या आकृतीवरून वाक्याचे सुटे तुकडे लिहायचे, जसे ‘द डोअर वॉज ओल्ड’, ‘इट ओपन्ड स्लोली’, ‘द गर्ल हर्ड अ व्हॉइस’. पुस्तक मिटायचं. तुकडे किमान तीन वेगवेगळ्या प्रकारे जोडायचे, आणि मग लेखकाने कसे जोडलेत ते उघडून बघायचं. लेखकाने कोणती गोष्ट मुख्य रेघेवर ठेवली आणि कोणती ‘व्हेन’ किंवा ‘हू’ च्या खाली ढकलली, यावर जी चर्चा होते तिला साहित्यविश्लेषण म्हणायला हरकत नाही.

विश्लेषणात एवढा उपयोग होईल असं सुरुवातीला वाटत नाही. एका पानावरच्या वाक्यांचे फक्त सब्जेक्ट आणि व्हर्ब एकाखाली एक लिहायला लावा. कोण सतत सब्जेक्टच्या जागी आहे, कोण नेहमी ऑब्जेक्ट? गोष्टीच्या वळणानंतर ही अदलाबदल झाली असेल, तर पात्र बदलल्याचा पुरावा हातात आला; ‘तो धीट झाला’ एवढं म्हणून थांबावं लागत नाही. ‘द लेटर वॉज बर्न्ड’ सारख्या पॅसिव्ह वाक्यात जाळणाऱ्याला रेघच नाही. निवेदकाला माहीत नाही, की तो सांगत नाही? हा प्रश्न मुलं स्वतःहून विचारायला लागतात.

थीम (गोष्ट काय सांगते) आणि टॉपिक (नुसता विषय) यांतला गोंधळही सुटतो. ‘ट्रस्ट’ ची आकृती निघत नाही, कारण व्हर्ब नाही. म्हणजे तो टॉपिक. ‘ब्रोकन ट्रस्ट रिटर्न्स स्लोली’ ची निघते. पण ‘द स्टोरी इज अबाउट ट्रस्ट’ ची सुद्धा निघते, म्हणून जोडीला एक नियम लागतो: मूळ रेघेवर सब्जेक्ट म्हणून गोष्ट, लेखक किंवा पात्राचं नाव चालणार नाही. उत्तरात दिलेलं अवतरण आधीच्या विधानाला कोणत्याच रेघेने जोडता येत नसेल तर ते नुसतं टाकलेलं आहे. ‘बिकॉज’ लिहिलेली तुटक रेघ मागायची. दावा आणि पुरावा यांच्यामधलं स्पष्टीकरण बहुतेक उत्तरांत तिथेच गायब असतं.

एक मर्यादा इथेही आहे. आकृतीत शब्दांचा मूळ क्रम हरवतो. लेखकाने क्रियापद शेवटपर्यंत दाबून ठेवून ताण वाढवला असेल, तर आकृती ते दुसऱ्या खणात बसवून ताण संपवते. एडगर ॲलन पोची १८४३ ची ‘टेल-टेल हार्ट’ घेऊन बघा: निवेदकाची तुटक वाक्यं, डॅश, पुन्हा पुन्हा येणारे शब्द हीच त्या कथेची जान, आणि आकृती ते सगळं झाडून स्वच्छ करते. अशा मजकुरात आकृती काढू नये, मोठ्याने वाचावं. कवितेत मात्र उलटा क्रम सोडवायला ती बरी पडते. ‘डाउन द हिल केम द रायडर’ मध्ये ‘रायडर’ सब्जेक्ट आहे हे लगेच दिसतं.

कोणत्या इयत्तेत काय, यासाठी अमेरिकेतल्या २०१० च्या कॉमन कोअर आराखड्याचा क्रम सोयीचा वाटला: सहावीत सर्वनामं, सातवीत फ्रेज आणि क्लॉज, आठवीत व्हर्बल (नाम किंवा विशेषणासारखी वापरलेली क्रियापदाची रूपं) आणि व्हॉइस (प्रयोग). आठवीच्या जेरंडसाठी, म्हणजे नामासारख्या वापरलेल्या ‘-इंग’ रूपासाठी, मूळ पद्धतीत खांबावर पायऱ्यांची रेघ काढतात. तिच्यावर वेळ घालवू नका. साधा खांब पुरतो. महत्त्वाचं इतकंच, की सोबत सहायक क्रियापद नसलेलं ‘रनिंग’ मूळ रेघेवरच्या व्हर्बच्या खणात जाता कामा नये. आपोआप आकृती काढून देणारी साधनं मी मुलांच्या हातात देणार नाही, कारण प्रिपोझिशनचं पद नेमकं कशाखाली लटकवायचं, जे मुलाने ठरवायचं असतं, तिथेच ती चुकतात आणि चूक ठामपणे छापून देतात.

रोज आकृत्या काढायच्या नाहीत. आठवड्यातून दोनदा, तेही वाचताना अडलेल्या वाक्यांच्या. मूल कागद न घेता बोटाने सब्जेक्ट आणि व्हर्ब दाखवायला लागलं, की त्या प्रकारच्या वाक्याची आकृती बंद करून पुढचा प्रकार घ्यावा.